इलेक्ट्रिक उभा बास स्वतः बनवतोय : आराखडा, लाकूड आणि गजाचा घोळ

खर्जातला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं डबल बास वाजवतोय, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं ते सगळ्यात मोठं, उभं धरून वाजवायचं वाद्य. वाद्यावर जीव आहे, पण त्याच्या पोटाशी माझं वैर आहे. माणसापेक्षा उंच धूड, दारातून तिरकं न्यायचं, जिन्यात उभं करायचं, आणि रात्री त्याला हात लावायची सोय नाही. मंचावर वेगळा छळ. ड्रमच्या बरोबरीनं आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज त्या पोकळ पोटात शिरतो, पोट घुमतं, घोडी (तारा ज्यावर टेकतात ते लाकूड) हलते, पिकअप (कंपनांची वीज करणारा) ते परत स्पीकरकडे धाडतो आणि मग घूंऽऽऽ. सगळे माझ्याकडे बघतात.

म्हणून पोट नसलेला बास बनवायला घेतोय. कल्पना नवी नाही. १९३० च्या दशकातच रिकनबॅकर कंपनीनं काठीसारखा इलेक्ट्रिक बास काढला होता. अँपेग या कंपनीचं नावच मुळी 'अँप्लिफाइड पेग'वरून आलंय, म्हणजे बास ज्या खालच्या सळईवर उभा राहतो तिच्यात माइक बसवायची युक्ती. त्यांचा बेबी बास १९६२ चा, लॅटिन संगीतवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. जर्मन बासवादक एबरहार्ड वेबरनं तर असल्या बासवर स्वतःचा वेगळाच आवाज उभा केला. तेव्हा वाद्य होतं, एवढं नक्की. माझ्याकडून होईल का, हा प्रश्न.

तयार मिळणारा एक वाजवून बघितला. कुठला ते लिहीत नाही. बोटांनी छेडला तर ठीक, गज (तारांवर ओढायची केसांची काठी) लावला की डबीत कोंडलेली माशी.

माझा आराखडा असा: मधे एकच लांब मेपलची तुळई, डोक्यापासून शेवटापर्यंत अखंड. तीन पट्ट्या चिकटवून. त्यावर आबनुसाचा फिंगरबोर्ड, म्हणजे बोटं दाबायची पट्टी. घोडी नेहमीसारखी लाकडी, दोन पायांची, प्रत्येक पायाखाली एक पिएझो चकती (दाबली की वीज देणारी). खाली सळई. तारा नेहमीच्या डबल बासच्याच, स्टीलच्या: जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी.

अडलंय ते तारेच्या लांबीवर. नटपासून (डोक्याकडची तारा टेकायची पट्टी) घोडीपर्यंत १०५ सेंमी ठेवू, की बास गिटारसारखी ३४ इंच, म्हणजे साधारण ८६? छोटी ठेवली तर वाद्य गाडीच्या मागच्या सीटवर मावेल.

नुसताच वाचक

पोट काढून टाकलं तर बास राहिला काय? :)

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

ओहमकार

लांबीचं गणित सोपं आहे. तीच तार, तोच सूर, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. ८६.४ ला १०५ नं भागा, वर्ग करा: ०.६८. म्हणजे ताण दोन तृतीयांशावर येतो. डबल बासची तार एवढी सैल पडली तर बोटांना लोंबती दोरी वाटेल, आणि गजाखाली ती सुराला येण्याआधीच पळेल. छोटी लांबी हवी असेल तर तारा त्या लांबीसाठी बनवलेल्या लागतील.

चारतारा

मी वाद्यवृंदात डबल बास वाजवते, त्यामुळे माझं मत एकांगी आहे हे आधीच सांगते. १०५ ठेवा. ताण हे कारण आहेच, पण खरं कारण तुमचा डावा हात आहे. सहा वर्षं त्यानं जी अंतरं पाठ केली, ती दुसऱ्या वाद्यासाठी का विसरायला लावायची? घरी छोट्यावर रियाज आणि मंचावर मोठं वाद्य, असं केलंत तर दोन्हीकडे बेसूर व्हाल.

आता माझा प्रश्न. तुमच्या चित्रात मान आणि धड यांच्यात काही फरकच दिसत नाही, एक सरळ सोट दांडा आहे. डोळे मिटून जी तारेवरचा डी कुठे शोधणार?

खर्जातला

ताई, प्रश्न नीट कळला नाही. पट्टीवर ठिपके लावणार आहे की.

चारतारा

ठिपके तुम्हाला दिसणार कुठून? उभ्या बासची पट्टी समोर नसते, ती तुमच्या कानाच्या खाली असते. मान वाकवून ठिपके बघत बसलात तर गज तिरका जाईल.

आपल्या सगळ्यांचा अंगठा मानेच्या मागून खाली घसरतो आणि मान जिथे धडाला मिळते त्या खोबणीत अडतो. अंगठा अडला की पहिलं बोट ज्या सुरावर पडतं त्यावरून मानेला नाव: डी मान किंवा ई फ्लॅट मान. तुमच्या सध्याच्या बासवर आत्ता जाऊन तपासा, तुमची कुठली आहे ते. १०५ च्या तारेवर डी नटपासून ३४.९ सेंमीवर येतो आणि ई फ्लॅट ३८.९ वर. चार सेंमीचा फरक आहे. ती खोबण चुकीच्या जागी आली तर प्रत्येक वेळी अर्धा सूर चुकेल, आणि नसेलच तर अंधारात भिंत चाचपत चालल्यासारखं होईल.

दुसरी खूण खांद्याची. वरच्या सुरांसाठी अंगठा पट्टीवर येतो तेव्हा डावा हात धडाच्या खांद्यावरून वळसा घेतो, पुढच्या बाहूला लाकूड लागतं. तिसरी, गुडघा आणि पोट. वाद्य तुमच्या अंगाला कुठे टेकतं त्यावर गजाचा कोन ठरतो. तुम्ही बासचं पोट काढताय तेव्हा फक्त पोकळी काढत नाही आहात, हाताचा सगळा नकाशा काढताय. तो परत काढून द्यावा लागेल, लाकडात.

खर्जातला

दंडवत ताई. जाऊन बघितलं. ई फ्लॅट निघाली. सहा वर्षांत मला हे माहीतच नव्हतं, अंगठ्याला मात्र होतं.

आराखडा बदलला. १०५ कायम. ३८.९ च्या हिशेबानं अंगठ्याची खोबण. डाव्या बाजूला खांद्याच्या आकाराची एक वाकडी फळी, आणि खाली गुडघ्यासाठी बाहेर येणारा हात. दोन्ही काढता येतील असे, पेचाचे.

रंधाराव

उशिरा आलो. बाकीच्यांनी हाताचं बोलून झालंय, मी लाकडाचं बोलतो.

चार तारांचा मिळून ताण साधारण १२० किलो धरा. एक धिप्पाड माणूस तुमच्या मानेच्या टोकाला कायमचा लटकलाय, दिवसरात्र. लाकूड आज वाकणार नाही, सहा महिन्यांत हळूहळू पुढे येईल. मान सडपातळ करायचा मोह सगळ्यांना होतो. पण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे जातो. जाडी पाचवा हिस्सा कमी केलीत तर ताठपणा निम्मा होतो. रंधा मारताना हे लक्षात ठेवा, दोन हात जास्त फिरवले की परत येणं नाही.

तीन पट्ट्या घेताय ते उत्तम. एकाच फळीतून कापल्या असतील तर मधली उलटी करून लावा, म्हणजे एक डावीकडे पिळायला निघाली तर दुसरी तिला धरेल. रेषा उभ्या ठेवा. कापल्यावर लगेच चिकटवू नका. कापल्यानं आतला ताण सुटतो, पट्ट्या दोन-तीन आठवडे हवेशीर रचून ठेवा, मग जी वाकायची ती वाकेल, तिला रंध्यानं सरळ करा आणि नंतरच सरस.

आबनूस चिकटवताना पाण्याचा डिंक टाळा. पाणी चिकटलेल्या बाजूनं लाकूड फुगवतं आणि मान पाठीमागे वाकते. इपॉक्सी वापरा. मानेत दोन कार्बन फायबरच्या पट्ट्या उभ्या बसवा, फिंगरबोर्डखाली. डबल बासच्या मानेत आत ती सरळ करायची लोखंडी सळई नसते, तिथे फिंगरबोर्डलाच रंध्यानं लांबीच्या दिशेनं किंचित खोलगट करतात. तुम्हीही तेच करा. मधे एक-दीड मिलिमीटर खोली पुरे.

ओहमकार

रंधाराव, समायोजनाचा रॉड घातला तर काय बिघडतं? हवामान बदललं की चावीनं सरळ.

रंधाराव

काही बिघडत नाही, पण ज्या जागेत तुम्ही रॉडसाठी खाच कोरणार तेच लाकूड मान धरून ठेवत होतं. बारीक मानेला रॉड, जाड मानेला लाकूड. आणि घोडीच्या पायांत उंचीचे पेच बसवता येतात की, ऋतूबरोबर तारेची उंची तिथूनच सांभाळायची.

खर्जातला

(तीन आठवड्यांनी)

रंधाराव, तुमचं ऐकलं नाही. दोन-तीन आठवड्यांऐवजी चार दिवस थांबलो. सरस लावला, अकरा क्लॅम्प आवळले, सकाळी तुळईच्या एका टोकावरून दुसऱ्याकडे डोळा लावून बघितलं तर प्रोपेलर. पूर्ण पिळलेली. ती तुळई आता टेबलाचा पाय होणार आहे. नव्या पट्ट्या रचून ठेवल्यात आणि त्यांच्याकडे बघतही नाही.

रंधाराव

माझ्याही खोलीत असे पाय आहेत. टेबल झालं नाही अजून.

चारतारा

वाट बघताय तोवर घोडीवरच्या तारेच्या कोनाचा विचार करा. खऱ्या बासवर तार घोडीवरून बरीच खाली वळते, साधारण ३० अंश. तुमच्या चित्रातही तितकीच दिसते.

ओहमकार

त्याचं वजन काढून बघा. घोडीवरचा दाब म्हणजे ताणाच्या दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाची ज्या (साइन). ३० अंशांना १२० किलोचे ६२ किलो घोडीच्या दोन पायांवर. पातळ चकतीची माती होईल. १४ अंशांवर आणलात तर २९ किलो. तार घोडीवर घट्ट बसायला तेवढे पुरतात, अगदीच कमी केलं तर मात्र गजाखाली तार खाचेतून सरकते. चकती नुसती पायाखाली ठेवू नका. पाय तिच्या मध्यावरच टेकला तर सिरॅमिक तडकतं. वर-खाली कडक, सपाट काहीतरी हवं, पितळेचा पत्रा चालेल.

खर्जातला

(दोन महिन्यांनी)

तर मंडळी, वाद्य उभं आहे. सळईसकट साडेसात किलो, अंदाजापेक्षा जास्त. अंगठा खोबणीत अडतो आणि ई फ्लॅट जिथल्या तिथे. ताईंना परत एकदा दंडवत. खांद्याची फळी लावल्याशिवाय वाजवून बघितलं, तर चौथ्या मिनिटाला हात हरवला. फळी लावली की सापडतो.

एक गोष्ट कुणी बोललं नव्हतं: एकाच सळईवर उभं वाद्य स्वतःभोवती फिरतं. खऱ्या बासला वजन असतं आणि रुंद कडा असते, ती अंगाला लागून फिरणं रोखते. माझं जी तारेवर गज नेला की दारासारखं उघडतं. गुडघ्याचा हात आणखी सहा सेंमी बाहेर काढला, आता ठीक आहे.

आता रडगाणं. तारा छेडल्या तर आवाज कोरडा, पत्र्यासारखा, खर्ज जवळपास नाहीच. आणि गज लावला तर तीच डबीतली माशी! ज्या तयार वाद्याला मी नावं ठेवली, हुबेहूब ते मी घरी बनवलंय. दोन्ही चकत्या एकत्र जोडून वायर थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावली आहे. लाकूड चुकलं का?

नुसताच वाचक

मी विचारलं होतं...

ओहमकार

लाकडाला बोल लावू नका. तुमचे दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळलेत.

पहिला सोपा. पिएझो चकती म्हणजे विजेच्या दृष्टीनं एक कपॅसिटर, वीज साठवणारा भाग. २७ मिमीची चकती साधारण २० नॅनोफॅरड. ती ज्या इनपुटला लावाल त्याच्या रोधाबरोबर मिळून ती एक चाळणी बनते, आणि ती चाळणी खालचे सूर अडवते. मिक्सरचं लाइन इनपुट १० किलोओहमचं असेल तर ही सीमा ८०० हर्ट्झच्या आसपास पडते. तुमची ई तार ४१ हर्ट्झची. तिचा मूळ सूर विसाव्या हिश्श्यावर येतो, वर उरतो तो पत्रा. तीच चकती एक मेगाओहमच्या इनपुटला लावा, सीमा ८ हर्ट्झवर जाते, म्हणजे ऐकू येण्याच्या खाली. तयार पिकअपांत ज्या बारीक पट्ट्या असतात त्यांचं कपॅसिटन्स याहून पुष्कळ कमी. तिथे अर्धा नॅनोफॅरड धरला तर एक मेगाओहमलाही सीमा ३१८ हर्ट्झ, म्हणून त्यांना १० मेगाओहम मागतात. टीएल०७२ या चिपचा साधा बफर (चकतीवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट) आणि नऊ व्होल्टची बॅटरी. वाद्याच्या आत बसवा, लांब केबलच्या आधी.

गजाचं दुखणं मात्र यानं जाणार नाही. ते समजायला आधी एक करा. दोन चकत्या वेगळ्या करा, संगणकावर दोन वेगळ्या ट्रॅकवर घ्या. जी तारेवर एक लांब गज ओढा आणि दोन्ही लाटा एकाखाली एक ठेवून बघा.

खर्जातला

बघितलं. बफर लावल्यावर छेडलेला आवाज म्हणजे... शेजारच्या खोलीतून बायको विचारायला आली की खाली ट्रक उभा आहे का.

लाटा बघून चक्रावलो. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली! आरशात बघितल्यासारखी. एक चकती उलटी जोडली गेलीय का? पण घोडीच्या मधोमध टिचकी मारली तर दोन्ही एकदमच वर जातात.

ओहमकार

जोडणी बरोबर आहे, घोडीच तशी चालते. गज तारेला आडवी ओढतो. तार आडवी हलली की घोडी बाजूला डुलते, होडीसारखी. एक पाय दाबला जातो, त्याच क्षणी दुसरा हलका होतो. तुम्ही दोन्हींची बेरीज करत होतात: अधिक एक, उणे एक, शून्य. उरलीसुरली माशी. बोटानं छेडलेली तार सुटल्यावर गोल फिरते, तिला थोडी वर-खाली हालचाल असते, म्हणून ती बचावली. गज मात्र शेवटपर्यंत आडवाच ओढतो, त्यामुळे तो पुरता कापला गेला.

खऱ्या बासमध्ये हे का होत नाही? तिथे दोन पाय सारखे नसतातच. जी बाजूच्या पायाजवळ आत साउंडपोस्टचा खांब असतो, तो पाय जवळपास खिळलेला. ई बाजूच्या पायाखाली बास बार, म्हणजे आतून चिकटवलेली लांब लाकडी पट्टी, तो पाय मोकळा हलतो आणि सगळं पोट हलवतो. घोडी एका पायावर रेलून दुसऱ्यानं पंप मारते. त्या रिकाम्या खोक्यात जाणूनबुजून ठेवलेली विषमता आहे ती. तुम्ही दोन्ही पाय सारख्याच मेपलवर ठेवलेत आणि ती विषमता पुसून टाकलीत.

एक ट्रॅक उलटा करून बेरीज करा आणि ऐका.

खर्जातला

अहो!!

गज बोलला. जाड, तेलकट, गजाला चोळलेल्या राळेच्या खरखरीसकट. पंधरा मिनिटं नुसता मोकळा ए ओढत बसलो होतो.

आता हेच वाद्यात कायमचं कसं करू? एका चकतीच्या दोन वायर अदलाबदल केल्या तर तिचं पितळ 'गरम' म्हणजे सिग्नलच्या टोकाला येतं आणि हात जवळ नेला की घरघर सुरू.

ओहमकार

अदलाबदल करू नका. दोन्ही चकत्यांना स्वतंत्र बफर द्या, आणि त्यांच्यापुढे एक वजाबाकी करणारा टप्पा. टीएल०७४ मध्ये चार ऑपअँप (असे टप्पे बनवायचे छोटे अँप्लिफायर) एकाच चिपमध्ये येतात, तीन यात लागतील. दोन्हींत सारखीच शिरलेली घरघर वजाबाकीत आपोआप कमी होते, हा फुकटचा फायदा. प्रत्येक बफरनंतर एक पोटेन्शिओमीटर (पातळी कमी-जास्त करायची फिरती खुंटी) ठेवा, म्हणजे पायांचं प्रमाण बदलता येईल. वाद्यं घडवणाऱ्या नेड स्टाइनबर्गरच्या उभ्या बासांवर पिकअपनं कुठल्या दिशेची हालचाल टिपायची ते निवडायचं बटण असतं, गजासाठी एक, बोटांसाठी एक. ते हेच.

चारतारा

दोन्ही ट्रॅक मला पाठवलेत म्हणून लिहिते. पूर्ण वजाबाकी गजाला छान, पण बोटांनी छेडताना सुरुवातीची 'ठप' गेली. ई बाजू पूर्ण आणि जी बाजू साधारण तिसरा हिस्सा उलटी, असं मिसळून ऐकलं तर दोन्ही जमतं. बासवालीचे कान आहेत, गणित नाही.

ओहमकार

गणितही तेच म्हणेल ताई. एक पाय जड, एक हलका. बास बार आणि खांब, फक्त सोल्डरनं.

रंधाराव

ओहमकार, हे लाकडातही होतं. जी बाजूचा पाय थेट तुळईवर, ई बाजूखाली तुळईत खाच मारून वर पातळ जीभ सोडायची, ती लवचिक. चकती एकच, जिभेखाली. पण वाद्य झालेलं आहे, आता पटाशी घेऊन त्यात शिरा असं मी सांगणार नाही. दुसऱ्या वेळी.

नुसताच वाचक

मागे घेतो माझा पहिला प्रतिसाद. अवांतर : चुंबकाचा पिकअप, बास गिटारसारखा, लावला असता तर हा घोळच नव्हता ना?

ओहमकार

नव्हता. स्टीलच्या तारा आहेत, चालला असता. पण तारा कमानीवर असतात, सरळ पिकअप मधल्या दोन तारांपासून लांब पडतो, चुंबकाची पट्टीही कमानदार हवी. आणि आवाज बास गिटारकडे झुकतो. यांना तो नकोय.

खर्जातला

(पाच आठवड्यांनी)

सर्किट आत बसलं. काल पहिल्यांदा मंचावर नेला. ड्रमच्या शेजारी उभा राहून आवाज मनासारखा वाढवला, एकदाही घूं नाही. ताईंचं प्रमाण कायम ठेवलंय, बोटाचं बटण लावलंच नाही.

एक भूत राहिलंय. जी तारेवरचा सी. आजूबाजूचे सूर तीन-चार सेकंद टिकतात, हा एका सेकंदात विझतो. गजानं चालतो, छेडला की मरतो. तार बदलून बघितली, तिथेच.

रंधाराव

मान स्वतः त्या सुराला हलते आणि तारेची शक्ती पिऊन टाकते. सडपातळ आणि लांब मानेचं हे जुनं दुखणं. घालवता येत नाही, सरकवता येतं. डोक्याला वजन लावा, मानेचा स्वतःचा सूर खाली उतरेल.

खर्जातला

एक छोटा क्लॅम्प डोक्याला आवळला. भूत सीवरून बीवर गेलं. आणखी वजन लावलं तर बी आणि बी फ्लॅटच्या मधे कुठेतरी बसलं, तिथे माझं बोट सहसा पडत नाही. सी मोकळा झाला.

क्लॅम्पला काळा रंग दिलाय.